आभार माझ्याकडे

डहाणूच्या आमच्या वाचनालयाचं वार्षिक व्याख्यान यंदा माझं होतं. निदान दिवाळीपर्यंत तरी होतं. आयुष्यभर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं, पण गावाने व्यासपीठावर कधी बोलावलं नव्हतं. मग जतीन निवृत्त होऊन घोलवडला आपल्या चिकूच्या वाडीत राहायला आला आणि वाचनालयाची चिटणीस भाविका हसत माझ्या दारात उभी राहिली.

"सर, जतीनभाई बोलायला तयार झाले! तुम्ही काय, घरचेच. तुमच्याकडे आभार ठेवू?"

"ठेवा," म्हटलं. ऐनवेळी मला दुसरं काही सुचत नाही.

जतीन माझा वर्गमित्र. आधी रिझर्व्ह बँकेत, बँकांवर देखरेख ठेवायला. मग दिल्लीला अर्थखात्यात, सरकारच्या करांची आणि खर्चाची धोरणं आखायला. शेवटी मुंबईत एका इन्व्हेस्टमेंट बँकेत, कंपन्यांना भांडवल उभं करून द्यायला. मी जे पुस्तकातून शिकवलं, ते सगळं तो करून आला. पेपरात त्याचा लेख आला की मी आधी त्यात चूक शोधायचो. एकदाही सापडली नाही.

व्याख्यानाला सभागृह भरलं. तलासरीहून शिक्षक आले होते, मागे चिकूवाले. माझ्यासाठी एवढे आले असते का, हा विचार काही केल्या जाईना. जतीन बोलायला उठला आणि थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं, याला मराठीत सांगताच येत नाहीये. "रिस्क, म्हणजे जोखीम... तिची प्रोव्हिजन..." लोक चुळबुळ करू लागले. मी मान खाली घातली. चेहऱ्यावरचं समाधान कुणाला दिसायला नको.

तेवढ्यात तो थांबला. "भाविका, माझंच काम मला सांगता येत नाही बघ. या मास्तरला उठव. शाळेत मला गणित यानेच समजावलं होतं."

मी उठून माईकपाशी गेलो. समोर चिकूवाले दिसले, तसं तोंडातून निघालं, "चिकूचं खोकं घ्या. वर मोठी फळं, तळाला बारीक. आपण असंच भरतो ना?"

हशा झाला.

"पहिल्या नोकरीत जतीन खोकं उलटं करून तळ बघायचा. दुसरीत, खोक्यामागे गावच्या रस्त्यासाठी किती घ्यायचं ते ठरवायचा. आणि तिसरीत? कुणाला नवी वाडी लावायची असेल, तर पुढच्या फळांत वाटा घेऊन आज पैसे घालणारा माणूस शोधून आणायचा."

"आणि मधे स्वतःची दलाली!" मागून चिकूवाल्यांतला मनिष वाडीवाला ओरडला.

"ती सोडतो होय!" जतीन म्हणाला.

मग प्रश्न आले, तेही मला. मी बोलत राहिलो. बसलो तेव्हा वाटलं, व्याख्यान झालं. माझं झालं.

भाविका माईकपाशी गेली. तिने जतीनकडे हात केला. "स्वतःचं व्याख्यान मित्राला देऊन टाकायचं, एवढं मोठं मन आज कुणाचं असतं?"

टाळ्या थांबेनात. मी बोललो तेव्हा एवढ्या पडल्या नव्हत्या.

"आता आभार. सर, या."

मी पुन्हा उठलो. जे मुळात माझंच होतं, ते मला दिल्याबद्दल आता आभार मानायचे होते. पहिल्या रांगेतून जतीन हात हलवत होता, "राहू दे रे, आपल्यात कसले आभार!"

लोकांना तेही फार आवडलं.