नाव काय येतंय?

मी एक जुना रबरी शिक्का आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव चांगला नाही. मी जळका आहे. आपली कहाणी सांगणारी मंडळी सुरुवातीला स्वतःचे गुण सांगतात. माझ्यात गुण एकच आहे, तो ओघात येईल. अवगुण मात्र रोजचा आहे आणि त्याला कारण तो स्कॅनर.

स्कॅनर तुम्हाला माहीतच आहे. काळ्या ठिपक्यांचा गिचमिड चौकोन, वर प्लॅस्टिक. भाजीवाला असो की रिक्षावाला, सगळे त्याला स्कॅनर म्हणतात. अहो, स्कॅन करतो तो फोन! हा नुसता पडलेला असतो. काडीचं काम न करता याला एवढं मोठं नाव मिळालं, आणि मी वीस वर्षं आपटून आपटून झिजलो तरी शिक्का तो शिक्काच! वास आला का रबर जळल्याचा? तो मीच.

माझा जन्म वाशीला झाला, शहाजी नावाच्या माणसाच्या टपरीवजा दुकानात. दिवाळे गावचे गोटीराम कोळी मला करून घ्यायला आले होते. खाडीत मासळी कमी झाली तशी त्यांनी बिल्डिंगांच्या पाण्याच्या टाक्या धुवायचं काम धरलं होतं. पहिल्याच सोसायटीने त्यांचं बिल परत पाठवलं, का, तर त्यावर शिक्का नाही.

"नाव काय टाकू?" शहाजीने विचारलं.

गोटीरामांनी डोकं खाजवलं. "मालती टाका."

"मालती कोण? कुलदेवी?"

"देवी कसली! बायको हाय माजी. बिलं तीच लिवते, लोकांशी बोलते पन तीच. मी नुसता टाकीत उतरतो."

अशा रीतीने माझ्या अंगावर अक्षरं कोरली गेली: 'मालती वॉटर टँक क्लीनिंग, दिवाळे गाव, बेलापूर'. खाली बारीक अक्षरांत, 'प्रोप्रा. मालती गोटीराम कोळी'. शिक्क्याच्या जन्माला एक दुःख असतं, मित्रांनो. त्याच्या अंगावरचं नाव उलटं असतं. कागदावर उमटेपर्यंत ते त्यालाच वाचता येत नाही. मी पहिल्यांदा उमटलो तो मालतीबाईंच्या बँक खात्याच्या फॉर्मवर. नाव वाचलं आणि छातीच फुगली माझी!

पुढची वर्षं म्हणजे काय सांगू! बिलावर मी. टाकी साफ केल्याचं प्रमाणपत्र सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लागायचं, त्यावर मी. चेक बँकेत भरायचा तर त्याच्या पाठीवर मी. मालतीबाई मला जांभळ्या पॅडवर टेकवायच्या, तोंडाजवळ न्यायच्या, 'हाऽऽ' करून गरम श्वास सोडायच्या आणि मग जोरात दाबायच्या. असा 'हाऽऽ' केला की सुकलेली शाईसुद्धा ओली होते. ही सवय त्यांची त्यांनाच लागलेली, कोणी शिकवलेली नव्हती.

सीवूड्सला तीन बिल्डिंगांची एक सोसायटी होती. तिथले खजिनदार मधुकरराव रिटायर्ड गृहस्थ, अक्षर मोत्यासारखं. चेक लिहिताना बिल समोर धरायचे, माझ्याकडे बघायचे आणि एकेक अक्षर उतरवून घ्यायचे. "मालतीबाई, शिक्का कसा स्वच्छ आहे तुमचा! नाहीतर लोकांचे शिक्के म्हणजे नुसते डाग." मित्रांनो, हे वाक्य मला अजून तोंडपाठ आहे. माझ्याकडे बघितल्याशिवाय त्यांचं पेन हलायचं नाही.

सहा वर्षांपूर्वी काविळीने गोटीराम गेले. दिवाळे गावात सगळे म्हणाले, बाई, आता हे बंद कर, मासळी विक. मालतीबाईंनी ऐकलं नाही. टाकीत उतरायला सुभाष नावाचा अनुभवी माणूस ठेवला आणि स्वतः टॉर्च घेऊन गच्चीवर उभ्या राहू लागल्या. तळाला चिखलाचा एक थेंब दिसला तरी सुभाषला परत उतरवायच्या. "लोकं ह्ये पानी पितात, सुभाष. तुज्या घरी असं चालंल?"

तोवर चेक कमी व्हायला लागले होते. आधी बंगलेवाल्यांचे बंद झाले, मग हॉटेलवाल्यांचे. एक दिवस मधुकररावांनी चेक फाडून हातात दिला आणि म्हणाले, "हा आमच्या पुस्तकातला शेवटचा बरं का. कमिटी नवीन पुस्तक मागवणार नाही म्हणते. आता सगळं फोनवरून. आणि मीही सुटतोय या कामातून." त्या चेकच्या पाठीवर मी उमटलो. शेवटचा आहे हे माहीत असतं तर जरा जास्त ठळक उमटलो असतो. माहीत होतं म्हणा, पण विश्वास बसला नव्हता.

मग तो आला. मालतीबाईंचा मुलगा मिथुन उरणला कंटेनरच्या गोदामात नोकरीला आहे. त्याने एक दिवस प्लॅस्टिकमध्ये बसवलेला तो गिचमिड चौकोन आणला.

"आई, तुज्या बटनाच्या फोनवर ह्ये चालत नाय. माज्या नंबरवर केलंय. पैसे घरातच येतात ना, टेन्शन नाय."

मालतीबाईंनी त्याला पदराने पुसलं. पदराने! मला उभ्या आयुष्यात कोणी पदराने पुसलं नाही, जुन्या बनियनच्या चिंधीवर मी दिवस काढले. पिशवीचा बाहेरचा कप्पा त्याला मिळाला, उघडायला सोपा म्हणून. मी आतल्या कप्प्यात, सुपारी आणि तुटक्या रबरबँडांच्या संगतीला. बिलंही आता नाव छापून आली, प्रमाणपत्रंही. दिवसातून दहा वेळा बाहेरच्या कप्प्याची चेन वाजायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जा बाबा, जा, मिरवून ये!

पण लवकरच माझ्या कानावर एक गंमत आली. पैसे देणारा फोन धरायचा आणि हमखास विचारायचा, "नाव काय येतंय? मिथुन कोळी येतंय. बरोबर ना?"

"हो, माजाच पोरगा हाय तो."

सुरुवातीला मालतीबाई हे हसून सांगायच्या. महिन्याभरात हसणं गेलं. वर्षाने त्या नुसती मान हलवायच्या. मी आत बसून खूश! म्हटलं, बघ लेका, बाहेरच्या कप्प्यात बसतोस, पण मालकिणीचं नाव काय तुझ्यापाशी नाही. नाव माझ्यापाशी आहे.

माझी खुशी फार टिकली नाही, कारण मालतीबाईंचं काय चाललंय ते मला ऐकू यायचं. पैसे मिथुनच्या खात्यात पडायचे. सुभाषचा पगार द्यायचा, ब्लीचिंग पावडर आणायची, की त्या मिथुनला फोन लावायच्या. "मिथुन, दोन हजार टाक रे... हो, कामाचेच... अरे, मागच्या वेळचे ब्रश आनले त्यातून." वीस वर्षं बिलं लिहिणारी ही बाई आपल्याच कमाईचा खुलासा देत होती. मिथुन वाईट नाही, मित्रांनो. पण बाइकचा हप्ता, मित्राचं लग्न, काहीतरी निघायचंच. एका महिन्यात सुभाषचा पगार बारा दिवस उशिरा झाला. सुभाष तरी रोज ठरल्या वेळी टाकीत उतरला. त्याचं तसं उतरणं मालतीबाईंना फार लागलं.

त्यातच सीवूड्सच्या सोसायटीतून बोलावणं आलं. मधुकररावांच्या जागी आता क्षिप्रा मॅडम खजिनदार होत्या. बोलायला गोड, कामात काटेकोर.

"ताई, काम तुमचं एक नंबर आहे. पण प्रॉब्लेम होतोय. बिलावर मालती, पैसे जातात मिथुनला. ऑडिटरने दोनदा लाल पेन मारलंय. महिनाअखेरपर्यंत दोन्हीकडे एकच नाव आलं नाही, तर वर्षाचं काँट्रॅक्ट दुसऱ्याला द्यावं लागेल. सॉरी हं."

तीन बिल्डिंगांचं काँट्रॅक्ट म्हणजे मालतीबाईंचा निम्मा धंदा. सुभाषचा पगारही त्यातूनच निघायचा.

रविवारी मिथुन घरी होता. त्याला हे सांगितलं तर तो हसायलाच लागला. "एवढंच ना? सोप्पं हाय. बिलबुक नवीन छापू, 'मिथुन वॉटर टँक'. शिक्का तर शंभर-दीडशेत बनतो. हा टाकून दे."

हा म्हणजे मी. माझं तर पाणीच झालं. टाकून दे!

मालतीबाईंनी पिशवी आपल्याकडे ओढून घेतली. मग म्हणाल्या, "धंदा तुजा हाय?"

"तसं नाय गं. पैसे घरातच..."

"घरात येतात, माज्या हातात नाय येत. धंदा तुजा असंल तर उद्या सकाळी सीवूड्सच्या टाकीत तू उतर. मी उरनला गोदामात जाते."

मिथुनची मान खाली गेली. "तुला फोनमधलं जमंल का, म्हनून केलं मी, आई."

"मना इचारलंस कवा? तुज्या बापाला नाव टाकायची येळ आली, तवा त्यानं माजं टाकलं. तू पुसायला निघालास?"

दुसऱ्या दिवशी त्या बँकेत गेल्या. जुनं खातं होतंच, चेकच्या जमान्यातलं, माझ्याच साक्षीने उघडलेलं. काउंटरवरच्या मुलीने संगणकात बघितलं. "मावशी, खातं झोपलंय. दोन वर्षांच्या वर काही व्यवहार नाही. जागं करायला हा फॉर्म. ते झालं की याच खात्यावर तुमच्या नावाचा स्कॅनर काढून देतो. सहीखाली शिक्का लागेल. आहे?"

आतल्या कप्प्याची चेन उघडली. किती दिवसांनी उजेड बघितला मी! मालतीबाईंनी सही केली, बँकेच्या पॅडवर मला टेकवलं आणि दाबलं. कागदावर आलं काय, तर दोन-चार फिकट रेघा. रबर कडक झालं होतं माझं.

"हे वाचता येत नाही, मावशी. असा फॉर्म वर गेला तर परत येईल."

मित्रांनो, आता खरं सांगतो. रबर कडक झालं होतं, हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं, की माझ्या मनात आलं, नाही उमटलो तर? मी नाही उमटलो तर स्कॅनरला हे नाव कधीच मिळणार नाही. ते जन्मभर माझ्या एकट्याचं राहील. त्याला पदर मिळाला, बाहेरचा कप्पा मिळाला, सगळी गिऱ्हाइकं मिळाली. आता नावही द्यायचं? का म्हणून? मी अंग आखडून घेतलं.

तेवढ्यात मालतीबाईंनी मला तोंडाजवळ नेलं. 'हाऽऽ.'

तोच गरम श्वास, सुपारीच्या वासाचा. त्यांच्या बोटांनी मला घट्ट धरलं होतं. या हाताला माझ्याखेरीज दुसरा साक्षीदार नव्हता. गोटीराम नव्हते, मधुकरराव नव्हते, पोरगा हे नाव पुसायला निघालेला. ती मालती आहे, धंदा तिचा आहे, हे त्या काउंटरवर सांगू शकणारा मी एकटा होतो. आणि माझा तो एकच गुण, मघाशी म्हटलं ना ओघात येईल, तो हाच. जे नाव आहे तेच मी सांगतो. त्या दिवशी ते लपवलं असतं तर माझ्यात राहिलं काय असतं?

मी अंग सैल सोडलं. मालतीबाईंनी दाबलं आणि मी उमटलो. कडेचा 'को' जरा झिजलेला, बाकी सगळं स्वच्छ. कितीतरी दिवसांनी मी माझं नाव सुलट वाचलं.

"वा! हे छान आलं," मुलगी म्हणाली.

महिना संपायला दोन दिवस असताना आम्ही सीवूड्सला गेलो. मिथुनचा स्क्रीनला तडा गेलेला जुना फोन आता मालतीबाईंकडे होता. त्यानेच त्यात त्यांचं सिम घालून, चार संध्याकाळी बसून सगळं शिकवलं होतं. बाहेरच्या कप्प्यात नवा स्कॅनर होता. त्यालाही पदराने पुसलं, तेही मी ऐकलं. टाक्या धुऊन झाल्यावर क्षिप्रा मॅडमनी फोन धरला.

"नाव काय येतंय... मालती गोटीराम कोळी. बरोबर?"

मालतीबाई वाकून फोनवरचं नाव वाचू लागल्या. मॅडमनी फोनमधून मान वर केली. "ताई? बरोबर आहे ना नाव?"

"बरोबर हाय," मालतीबाई म्हणाल्या. "मीच ती."

सुभाषचा पगार त्यांनी तिथेच गच्चीवर उभ्या उभ्या, स्वतःच्या बोटाने पाठवला. एक आकडा चुकला, खोडला, परत टाकला. सुभाषचा फोन वाजला, तो हसला आणि ब्रश गोळा करायला गेला.

मित्रांनो, माझा जळफळाट संपला असं समजू नका. माझं नाव त्याला मिळालं, आणि मेल्याला ते दाखवायला शाईसुद्धा लागत नाही. पण तुम्ही एक करा. घरातल्या कोणाचं कष्टाचं काम असेल, तर त्याचे पैसे घेताना समोरच्याच्या फोनवर नाव काय येतंय ते एकदा बघा. आणि ते नाव पहिल्यापासून सांभाळलेली एखादी जुनी वस्तू कपाटात पडली असेल, तर तिला फेकू नका. अधूनमधून जराशी पुसा.

मालतीबाई दर महिन्याला मला बाहेर काढतात. काम काही नसतं. एका कोऱ्या कागदावर उमटवून बघतात, रबर कडक होऊ नये म्हणून. त्याआधी मला तोंडाजवळ धरून 'हाऽऽ' करतात. बाहेरच्या कप्प्यातून तो बघत असतो. त्याला अजून एकदाही कोणी 'हाऽऽ' केलेलं नाही.