फोन चालूच राहू दे

बेबी न्हाणीघरात पाय घसरून पडली, बराच वेळ तशीच पडून राहिली, मग नळाला धरून उठली आणि आधी चहा करून प्याली. हे तिच्या दादाला कळलं तेव्हा तिच्या कोपरावरचा काळानिळा डाग पिवळा पडत आला होता.

बेबी म्हणजे साठी उलटलेली बाई. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. तिच्यानंतर घरात कुणी जन्मलं नाही, त्यामुळे ते नाव तिच्याकडून काढून घ्यायला कुणी आलंच नाही. लग्न तिनं केलं नाही. आधी वडिलांचं आजारपण काढलं, मग आईचं, आणि आता त्या जुन्या घरात ती एकटीच राहत होती. दादा तरुणपणी परदेशी गेला तो तिथलाच झाला. तिथे तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याची बायको, म्हणजे बेबीची वहिनी, कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात कामाला होती. बेबी त्यांना दादा आणि वहिनी म्हणायची. आपणही तेच म्हणू.

पडल्याचं ऐकल्यावर दादानं फर्मान काढलं, "आजपासून फोन चालूच राहू दे. बोलायचं असो नसो. तू ओट्यावर टेकवून ठेव, आम्ही इकडे टेबलावर ठेवतो."

"आणि बघायचं काय? मी भांडी घासते ते?" बेबीनं विचारलं.

"बघायचं काही नाही. नुसतं असायचं."

"काहीतरीच तुझं," बेबी म्हणाली, पण तिनं फोन साखरेच्या डब्याला टेकवला.

पहिले काही दिवस तिघंही अवघडल्यासारखी वागली. ओट्याशी येण्याआधी बेबी केस सारखे करायची. टेबलावरून उठताना दादा "आलोच हं" म्हणायचा. मग हळूहळू विसरायला झालं. तिकडे बेबीची दुपार कलायला लागायची तेव्हा इकडे परदेशात सकाळ व्हायची, आणि बेबीच्या स्वयंपाकघरातलं तिरपं ऊन फोनमधून इकडच्या धुरकट खोलीत यायचं. खरंच यायचं, असं वहिनीला वाटे. टेबलाचा तेवढा कोपरा तिच्या हाताला कोमट लागे. बेबीकडे कुकरची शिट्टी झाली की वहिनी उठून गॅस बारीक करायला जाई आणि आपली शेगडी थंडगार बघून तिथेच उभी राही. इकडे दादाला ठसका लागला की तिकडे बेबी पाण्याचा पेला भरायची. भरून झाल्यावर तो कुणाला द्यायचा हे न सुचून स्वतःच पिऊन टाकायची.

दादाला कंपनीनं वय बघून हलकं काम दिलं होतं, त्यामुळे बरेच दिवस तो घरीच असे. खुर्चीत डोळे मिटून बसे आणि मधूनच म्हणे, "बेबी, दार वाजलं." बेबी जाऊन बघायची तर खरंच कुणीतरी आलेलं असे. तिला ऐकू यायच्या आधी समुद्रापलीकडे त्याला ऐकू येई.

वहिनीला मात्र वेगळंच काही ऐकू आलं. बेबीनं नवी कवळी करून घेतली होती. चार ओळी पेपर वाचून दाखवायची तिला सवय होती, आणि त्या दिवशी वाचता वाचता ती वैतागून थांबली.

"ऐकलंस का वहिनी? चहातला च नीट येतो. चमच्यातला च शीळ घालतो! चमच्चा, चाक, चूल... शी! वर्गात असते तर पोरं बाकाखाली लपून हसली असती."

"वरच्या पुढच्या दातांची मागची बाजू जाड झालीय," वहिनी पटकन म्हणाली. "तिथे जीभ टेकायला जागा नाही उरलेली. बनवणाऱ्याला सांग, थोडं घासून देईल."

बेबीनं सांगितलं, त्यानं घासून दिलं, चमचा ताळ्यावर आला. पण वहिनीच्या डोक्यात ते घोळत राहिलं. कारखान्यात तिच्यासमोर फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले असत, सगळे आ वासून. गुलाबी मेणात ती एकेक दात बसवायची, बारीक चाकावर घासायची. त्या चाकाच्या घूंघूं आवाजात तिला पेंग आल्यासारखं व्हायचं आणि वाटायचं, हे जबडे आता बोलायला लागतील. ते बोलत, तेव्हा इकडचीच भाषा बोलत. इतकी वर्षं तिनं माणसांच्या तोंडात दात बसवले, पण तिच्या दातांना जीभ टेकवून कुणी कधी 'झाड' म्हटलं नव्हतं, 'जरा' म्हटलं नव्हतं. हे तिला पूर्वी कधी जाणवलंही नव्हतं. आता जाणवलं आणि पायात खडा जावा तसं सलत राहिलं.

त्याच सुमारास दादा एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या यंत्रखोलीत काम करत होता. तेलाचा वास, तापलेली तार, फटीतून आलेली उन्हाची पट्टी. काम आटोपून तो खाली उतरला तेव्हा रस्ता एकदम ओळखीचा वाटला, पण या गावातला नव्हे. तो चालत राहिला. पुढच्या कोपऱ्यावर वळलं की पिठाची गिरणी, गिरणीला लागून आपला जिना. पायांना सगळं ठाऊक होतं. तो वळला. समोर बँक होती. तिच्या काचेतून एक टोपीवाला म्हातारा त्याच्याकडे टक लावून बघत होता. तो म्हातारा आपणच, हे कळायला त्याला वेळ लागला.

घरी आल्यावर टोपी न काढताच तो म्हणाला, "आपण परत जाऊ या."

वहिनीनं मान वर केली नाही. हे वाक्य त्या घरात एखाद्या जुन्या भाडेकरूसारखं राहत होतं. चांगला पलंग परत गेल्यावर घ्यायचा होता. गॅलरीत झाडं परत गेल्यावर लावायची होती. त्यांची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली तेव्हा म्हणाली होती, "मी पाळण्यात असल्यापासून तुम्ही निघालाय. माझी मुलं कॉलेजात जाईपर्यंत तरी पोचा!"

"या वेळी खरंच," दादा म्हणाला. "बेबी एकटी आहे. उद्या पुन्हा पडली तर आपण काय फोनमधून हात देणार आहोत?"

दुसऱ्या दिवशी दोघं फोनसमोर नीट बसली. दादानं तर बाहेर जायचा शर्ट घातला होता. पलीकडे बेबी भाजी निवडत होती.

"बेबी, आम्ही येतोय. कायमचे. तुझ्याकडे."

बेबीचे हात थांबले. तिनं निवडलेली भाजी एकीकडे सारली, देठं एकीकडे सारली. मग हात लांब केला आणि फोन पालथा घातला. इकडे टेबलावर काळोख झाला. त्या काळोखातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, नळ सुटल्याचा आला, आणि मग फोन बंद झाला.

"आनंदानं रडत असेल," दादा म्हणाला.

पण फोन दुसऱ्या दिवशीही आला नाही, आणि तिसऱ्याही. "बरी आहे. काळजी नको," एवढाच निरोप आला. इकडची खोली ओस पडल्यासारखी झाली. वहिनी टेबलाच्या कोपऱ्यावर हात ठेवून बघे. तो गार असे. दादा आपल्याच दाराची घंटा वाजली तरी दचकेनासा झाला.

मग एका सकाळी फोन वाजला. बेबी ओट्याशी नव्हती, आईच्या पलंगावर बसली होती, आणि तिनं पाढे म्हणावेत तसं सगळं आधीच जुळवून ठेवलेलं होतं.

"दादा, मधे बोलू नकोस. आई गेल्यावर मी पहिल्यांदा या खोलीत झोपले तेव्हा वाटलं होतं, रडू कोसळेल. सकाळी जाग आली तर पायावर ऊन आणि हाक मारणारं कुणी नाही. मी कितीतरी वेळ तशीच पडून राहिले. मला इतकं बरं वाटलं की माझी मलाच लाज वाटली. आईवर माझा जीव होता, ते तुला माहीत आहे. पण जन्मभर या घरात कुणाची तरी पथ्यं होती, कुणाची तरी झोपायची वेळ होती. आता मला वाटेल त्या खोलीत मी झोपते. ओट्यावर बसून जेवते. भर दुपारी मोठ्यानं गाते, तुम्ही ऐकलंच आहे."

"ऐकलंय," वहिनी म्हणाली.

"म्हणजे आम्ही नको?" दादाचा आवाज चिरका झाला.

"असे हवेत! हे असे. तुम्ही दोघं आहात, तुमचा ठसका ऐकू येतो, आणि घर माझं आहे. मला हे हवं आहे, दादा. यायचं तर जरूर या. पण माझ्यासाठी येऊ नका, आणि माझ्या घरात येऊ नका." एवढं बोलून तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "चिडलास?"

दादाला तोंडात मारल्यासारखं झालं होतं. "छे, छे," तो म्हणाला आणि उठून खिडकीशी गेला. हसली ती वहिनी. तिला हसू आवरेना, आणि तिचं बघून पलीकडे बेबीही हसायला लागली.

चार दिवस दादा खट्टू होता. मग एका रविवारी दोघं घडी घालायला चादर घेऊन समोरासमोर उभी असताना तो म्हणाला, "एका परीनं बरंच झालं. मिटलं एकदाचं. राहू इथेच." त्याच्या चेहऱ्यावर चक्क सुटका झाल्याचं समाधान होतं.

"मला जायचंय," वहिनी म्हणाली.

दादानं चादरीची टोकं धरून ठेवली. "कशाला? आता तर कुणी बोलावतही नाही."

"म्हणूनच. आजवर आपण कुणाकुणासाठी जाणार होतो. आईंसाठी, घरासाठी, बेबीसाठी. आता कुणासाठीच जायचं नाही म्हटल्यावर मला कळलं की मला जायचंय." आणि मग तिनं त्याला चमच्याचं सांगितलं, जबड्यांचं सांगितलं. सांगताना तिला वाटलं, तो हसेल. तो हसला नाही.

तो म्हणाला, "मला भीती वाटते."

"कसली? तब्येतीची?"

"नाही गं. आयुष्यभर आपण म्हणत आलो, परत जाऊ. एखादा दिवस वाईट गेला की मी मनात तिकडचा जिना चढून येतो. तिथेच राहायला गेलो, तर मग कुठे जायचं म्हणायचं?"

वहिनीनं पुढे होऊन चादरीची आपली टोकं त्याच्या हातात दिली, तशी चादर अर्धी झाली. "ते तिथे गेल्यावर बघू," ती म्हणाली. "नाही सुचलं तर इकडची आठवण काढू. तीही काही कमी साठली नाहीये."

दोघं परत गेली. बेबीच्या घरी नव्हे. त्याच गावात, पण दुसऱ्या टोकाला, भाड्याच्या दोन खोल्यांत. तिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं, आणि अनोळखी जागी बिऱ्हाड मांडणं हे तर त्यांना चांगलंच जमत होतं. बेबी पहिल्याच दिवशी येऊन सगळ्या खिडक्या उघडून गेली. जेवायला थांब म्हटलं तर म्हणाली, "नको बाई, मला माझं घर हवं." दादा थोडा हिरमुसला, मग त्याचं त्यालाच हसू आलं.

वहिनीनं एका कवळीवाल्याकडे दुपारचं काम धरलं. तिनं बनवलेली पहिली कवळी एका निवृत्त पोस्टमनच्या तोंडात बसली तेव्हा ती मुद्दाम बाहेर येऊन उभी राहिली.

"आजोबा, जरा काहीतरी बोला ना."

"काय बोलू?" पोस्टमननं जीभ फिरवून अंदाज घेतला. "जागा चांगली दिलीय जिभेला. जावई म्हणाला होता, झेपायचं नाही तुम्हाला. झेपतंय की!"

वहिनी आत गेली आणि चाक सुरू करून उगाचच काहीतरी घासत बसली.

दादाला मात्र वेळ लागला. गाव त्याच्या मनातल्या गावाशी कुठेच जुळत नव्हतं. तो झोपेत चालल्यासारखा हिंडायचा. एका सकाळी तो दूध आणायला खाली उतरला, आणि येताना सगळ्या गल्ल्या सारख्याच दिसायला लागल्या. तीच वाळत घातलेली कापडं, तेच पिवळट जिने, भिंतींवर तेच झोपाळू ऊन. इमारतीचं नाव त्यानं अजून लक्षात ठेवलं नव्हतं. मशीन मांडून बसलेल्या एका शिंप्याला त्यानं विचारलं, "इथून कुठल्या बाजूला जायचं?"

"कुठे जायचंय तुम्हाला?"

"घरी."

शिंप्यानं त्याच्याकडे नीट बघून घेतलं. "कुणाच्या?"

दादाला एकदम हसू फुटलं. हातातली दुधाची पिशवी घामेजली होती, उशीर होत होता, तरी त्याला कसलीच घाई वाटेना. इतक्यात वरून हाक आली, "अहो!"

शिंप्यानं मान वर केली. स्कूटर पुसणाऱ्या माणसानं केली. समोरच्या गॅलरीत दात घासत उभ्या असलेल्या एका गृहस्थानंही केली. परदेशात वहिनीनं कुठेही अशी हाक मारली तरी अख्ख्या रस्त्यात एकच माणूस वळायचा.

"तुमच्या का?" शिंप्यानं विचारलं.

"माझ्या," दादा म्हणाला आणि दूध सांभाळत जिना चढायला लागला.