बेथिया पेलला कोणी बोलावलं

धंद्याने मी पिंपं बनवणारा. कॉन्स्टेबलकी गावाने त्या वर्षी माझ्या गळ्यात मारली, आणि नेमकी त्याच वर्षी माझी लेक रुहामा अडली. दोन दिवस कळा, मूल आडवं. गावच्या सुइणीने हात टेकले. अशी बाई मोकळी करणारी एकच, बेथिया पेल; पण ती क्वेकर पंथात गेली, आणि तो पंथ आमच्याकडे बंदीचा, म्हणून तिला मॅसॅच्युसेट्समधून हाकलून दिलेलं. मी हद्दीपलीकडे गुपचूप निरोप धाडला. ती आली. पोरगी वाचली, नातू रडला. परत जाताना बाईला शेजाऱ्याने पाहिलं, आणि तिला धरून नेण्याचं काम अर्थात माझंच.

न्यायाधीश काही राक्षस नव्हते. म्हणाले, "बायबलवर हात ठेव. प्रचाराला आले नव्हते अशी शपथ घे. तेवढ्यावर सोडतो."

"प्रचाराला आले नव्हते. पण शपथ घेणार नाही. शपथेशिवाय मी खोटं बोलते, असं वाटतं का तुला?"

लोक चुळबुळले. न्यायाधीशांना 'तुला'! देवापुढे सगळे सारखे म्हणून ही माणसं राजालाही अरेतुरे करतात. मी मनात म्हटलं, बये, एकदा 'आपण' म्हणालीस तर तुझी जीभ झिजणार आहे का?

"बोलावलं कोणी?"

"ते सांगणार नाही."

क्वेकरांना घरात घेणाऱ्यालाही चाबकाचे कोरडे होते. न्यायाधीश माझ्याकडे वळले. "कॉटल, बाई तुमच्या घरामागे सापडली. तुम्हाला काही ठाऊक?"

"नाही, साहेब."

"शपथेवर?"

मी बायबलवर हात ठेवला. खोटी शपथ घेतली. बेथिया माझ्याकडे बघत होती.

"दहा कोरडे, गाडीमागे बांधून," साहेब म्हणाले. "मग हद्दीपार. पुन्हा दिसली तर फाशी."

कोरडे कॉन्स्टेबलनेच मारायचे. हळू मारले तर लोकांच्या लक्षात येतं. मी हळू मारले नाहीत.

हद्दीवर मी तिचा दोर सोडला. वाटलं, आता शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने शाल पाठीवर जपून ओढली.

"जेरेड, बाळंतिणीला तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप चढतो. चढला तर निरोप धाड. मी येईन."

"अगं बाई, लटकवतील तुला!"

"ते मी बघेन. तू निरोप धाड."

मला तिचा असा संताप आला! घरापर्यंत मी तिलाच शिव्या देत आलो.

चौथ्या दिवशी रुहामाला ताप चढला. मी निरोप धाडला.