खात्रीलायक सूत्र

चिमी ज्या कंपनीत कामाला होती, ती जुन्या मालिकांच्या डिस्क काढायची, आणि चिमीकडे होती चाहत्यांची पत्रं. गेले अकरा महिने ती सगळ्यांना एकच उत्तर देत होती : ‘योग्य वेळी कळवू.’ एका गुप्तहेर मालिकेचा शेवटचा संच रखडला होता आणि कंपनी त्याबद्दल ब्र काढत नव्हती.

चाहते कसले गप्प बसतात! त्यांच्या ऑनलाइन गटावर रोज नवी पुडी सुटायची. कुणी म्हणे रिळं जळाली, कुणी म्हणे शेवटच्या भागातल्या पियानोच्या धुनेवरून भांडण आहे. एकाने तर छातीठोकपणे लिहिलं होतं, की नायकाला स्वतःच्या तेव्हाच्या मिशा आता बघवत नाहीत, म्हणून तो त्या प्रत्येक दृश्यातून पुसून घेतोय.

या सगळ्यांचे म्होरके होते खुद्द चिमीचे बाबा. घड्याळं दुरुस्त करण्यात उभा जन्म गेलेला माणूस. दुकान बंद केल्यापासून सगळा जीव त्या मालिकेत.

“रिळं जळाली का गं?” एका सकाळी चहा पिताना त्यांनी विचारलं.

“बाबा, ऑफिसचं घरी नको.”

“म्हणजे जळाली!”

“असं कुठे म्हटलं मी?”

“‘नाही’ असंही म्हणाली नाहीस.”

चिमीचा एक पाय चपलेत होता, दुसरी चप्पल सापडत नव्हती आणि बस सुटायची वेळ झाली होती. “नाही हो जळाली! धडधाकट आहेत. झालं समाधान?” म्हणत ती जिना उतरली.

दहाव्या मिनिटाला बाबांनी गटावर लिहिलं : ‘खात्रीलायक सूत्रांकडून – रिळं सुरक्षित!’

मग काय, लोकांनी डोकं चालवलं. रिळं ठीक, तर अडलंय कुठे? त्या धुनेत! संगीतकार तर कधीच वारले होते. पण त्यांची मुलगी चष्म्याचं दुकान चालवते, हे संध्याकाळपर्यंत कुणीतरी खणून काढलं, नंबरासकट. दोन दिवस त्या दुकानातला फोन खणखणत राहिला. गिऱ्हाईक बिचारं अक्षरं वाचतंय आणि बाई फोनवर, ‘नाही, मला काही सांगायचं नाही!’

तिसऱ्या दिवशी कंपनीच्या वकीलबाई चिमीच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

“संगीतकारांच्या मुलाची सही कधीच झाली होती. बहीण अडून बसलेली. दोघांचं बोलणं बंद आहे. अकरा महिने मी तिला जरा जरा करून वळवत आणली होती. आज म्हणाली, आता सही विसरा.”

“पण परवानगी बाकी आहे एवढं आपण आधीच सांगून टाकलं असतं, तर?”

“तर हे फोन अकरा महिन्यांपूर्वीच गेले असते. तारीख सांगावी, तर ती चुकल्यावर आपण खोटारडे. आणि एक अफवा खोडली, की लोक उरलेल्यांतली एक खरी धरतात. बघितलंस ना? आपण गप्प असलो, की शिव्या निदान आपल्याला पडतात, तिला नाही.”

चिमी उठून उभी राहिली. “ते खात्रीलायक सूत्र... मीच आहे. लिहिणारे माझे बाबा.”

वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. “आवर त्यांना,” एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी हे ऐकून बाबांचा चेहरा पार उतरला. दुसऱ्या दिवशी चष्म्याचं दुकान उघडायच्या वेळेला त्यांनी तिथे फोन लावला. चिमी शेजारीच उभी.

“आणखी एक!” तिकडून बाई कडाडल्या. पुढची वीस मिनिटं त्यांनी बाबांना फैलावर घेतलं. बाबा नुसते ‘हो’ आणि ‘चुकलंच माझं’ म्हणत राहिले. शेवटी बाईच थांबल्या.

“तुम्हाला काही विचारायचं नाही?”

“नाही. माफी मागायची होती, तेवढीच.”

मग बाई म्हणाल्या, “ती धून वडिलांची नाहीच मुळी. बारा वर्षांची होते, पियानोवर उगाच बोटं फिरवत होते. त्यांनी ती उचलली. भावाला चांगलं ठाऊक आहे. आणि कंपनीच्या कागदावर नाव एकट्या वडिलांचं!”

“हे त्यांना सांगितलंत?”

“विचारलं कुणी? जो तो सही मागतो.”

“मी सांगू का? तुम्ही म्हणाल तरच.”

“सांगा. पण गटावर लिहिलंत, तर गाठ माझ्याशी आहे!”

त्याच दुपारी वकीलबाई स्वतः दुकानात गेल्या. भावाने आधी कुरकुर केली, मग ‘हो, धून तिचीच’ असं लिहून दिलं. श्रेयनामावली नव्याने करायला आणखी दोन महिने लागले. तेवढे दिवस बाबांनी तोंडाला कुलूप घातलं. गटावर त्यांना कंपनीचा हस्तक म्हणाले, फितूर म्हणाले. बाबा चार ओळी टाइप करायचे, पुसायचे आणि चिडून फिरायला जायचे.

संच आला त्या दिवशी बाप-लेकीने शेवटचा भाग एकत्र पाहिला. बाईंचं नाव पडद्यावर आलं तसे बाबा उठलेच, आणि दुकानात फोन लावून बराच वेळ बोलले. फोन ठेवला तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

“काय म्हणाल्या?”

“सकाळी भावाचा फोन आला होता म्हणे. सहा वर्षांनी.”

“अगंबाई! काय बोलला तो?”

“ते मला काय ठाऊक?” बाबा चष्मा पुसत म्हणाले. “मी नाही विचारलं.”