गोणीच्या पारड्यातला माणूस

लोणावळ्याच्या बाजारात, इब्राहिमभाईंच्या भुसार दुकानात आढ्याला टांगलेला लोखंडी काटा आहे मी. माझ्यावर खोटेपणाचा आळ आलाय, म्हणून आज तोंड उघडतोय.

पुण्यातल्या लोहाराच्या ऐरणीवर माझी दांडी घडली. तेव्हापासून मावळातला तांदूळ तोलत आलो. माणसांच्या खोडी मला पाठ! विकणाऱ्याची नजर काट्यावर, घेणाऱ्याची विकणाऱ्याच्या बोटांवर. इब्राहिमभाईंची तऱ्हाच उलटी. झुकतं माप दिल्याशिवाय त्यांचा हात राहत नसे. एकदा भांडून निघालेल्या गिऱ्हाइकालाही ओंजळभर जास्त घातलं. म्हणाले, "पुन्हा भांडायला तरी येईल."

दुसरी मोठी लढाई संपल्याच्या पुढच्या साली आंबी गावचा महिपती आजारी पडला. दरसाल दुकानात भात घालणारा, भाईंचा जुना दोस्त. मानेत, काखेत गाठीच गाठी. इथल्याच एका बंगल्यात दवाखाना मांडलेल्या डॉक्टरांनी त्याला दुकानात आणलं. माणूस तोलायचं यंत्र त्यांच्याकडे अजून यायचं होतं.

"वजन सांगा. त्यावर औषधाचं माप ठरेल," डॉक्टर म्हणाले.

महिपती पारड्यात बसला. "भाई, गोनीच्या भावात इकू नगा मला!"

भाई हसले. नेहमी मालाकडे झुकणारा त्यांचा हात या वेळी वजनांकडे झुकला, आणि एक जादा वजन हळूच समोरच्या पारड्यात पडलं. दोस्ताला औषध भरपूर मिळू दे, एवढंच मनात.

सुई टोचली. गाठी लोण्यासारख्या विरल्या. भाईंनी पेढे वाटले. मग ताप चढला, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. महिपती मरता मरता वाचला.

पुढे गाठी परत आल्या. डॉक्टर त्याला पुन्हा वजनाला घेऊन आले, ते गरजतच. "काटा खोटा आहे तुमचा! औषध जास्त झालं त्याला!"

"काटा खरा आहे. हात माझा झुकला," भाई म्हणाले. "पण जास्त झालं तर माणूस जातो, हे सांगितलंत का?"

डॉक्टर चाचरले. "औषध नवं आहे. लढाईतल्या विषारी वायूच्या जातीचं. माणसाला किती सोसतं, तेच पाहतोय."

"आणि ज्याला सोसायचं, त्यालाच ठाऊक नाही?"

मला तर आजही संताप आवरत नाही. अहो, लवंगी मिरची देतानाही आम्ही सांगतो, जपून, तिखट आहे!

महिपती पारड्यातून खाली उतरला. "डागदरसायेब, इचारलं आसतं तर व्हयच म्हनलो आसतो. गाठी कुटं सोडत्यात मला? पर तुमी इचारलंच न्हाई." सोबत आलेल्या बायकोचा, मुक्ताबाईचा, खांदा धरून तो आंबीला परतला. भातकापणीच्या आधी गेला, आपल्या घरात.

डॉक्टरांकडे आता चकचकीत यंत्र आलंय म्हणे. बाजाराने मात्र त्यांचं गरजणं तेवढं ऐकलं, आणि आळ माझ्यावर राहिला तो राहिलाच. राहू दे. पण तुमचं कुणी त्या यंत्रावर उभं राहणार असेल, तर वजन होण्याआधी एवढं विचाराच: हे औषध याच्यासाठी आहे, की हा औषधासाठी?