पाच लिटर गोडं पाणी

मी पेटी बोलतेय. कपड्यांची नाही की दागिन्यांची नाही. वर तिरकी काच, आत काळा पत्रा, एवढाच माझा पसारा. उस्मानपुऱ्यातल्या एका छोट्या वर्कशॉपात माझा जन्म झाला. माझ्यात खारं पाणी ओततात. उन्हाने त्याची वाफ होते, काचेला लागून थेंब होतात आणि नळीतून गोडं पाणी कॅनमध्ये उतरतं. मीठ माझ्या पोटात राहतं.

पिशोरच्या पुढे बिरूबाबांची वस्ती आहे. बाबा मेंढरं राखायचे. तिथल्या बोअरचं पाणी खारट. बाबांना मुतखडे झाले, एक किडनी कामातून गेली. कन्नड गावातल्या डॉक्टरांनी ते पाणी बंद करायला सांगितलं, म्हणून एका संस्थेच्या श्रेयाताईंनी मला तिथे आणून बसवलं. "दिवसाला पाच लिटर येईल. ते फक्त बाबांनी प्यायचं," असं त्यांनी बजावलं.

बाबांच्या कारभारणीने, म्हाळसाबाईंनी, मान डोलावली. आणि दुपारी आलेल्या पाहुण्याला पहिला तांब्या माझ्याच पाण्याचा दिला.

मग काय, उन्हाचं पाणी चाखायला रोज कोणी ना कोणी यायचं. "लई गोड हाय!" म्हणायचं. खरं सांगते, सुरुवातीला मी फुशारून जायचे.

"आत्याबाई, ह्ये बाबांचं पाणी हाय ना?" सून प्रांजली विचारायची.

"आगं, दारात आलेल्याला खारं पाणी द्यायचं व्हय?"

"पिऊ दे," बाबा म्हणायचे. "मला खाऱ्याची सवय हाय."

संध्याकाळी कॅन रिकामा असायचा. बाबा बोअरचं पाणी प्यायचे. मी रोज बघायचे. हळूहळू वाईट वाटायचंही बंद झालं.

माघात बाबा गेले.

दहाव्याला पै-पाहुणे जमले. एकाने सवयीने कॅनच्या तोटीखाली तांब्या धरला. म्हाळसाबाईंनी तो काढून घेतला.

"ह्ये पाणी मिळायचं नाय."

"आवं, पाण्याला नाय म्हणता?"

"व्हय, म्हणते."

बाबांना मुतखड्याची यायची, तशीच कळ आता प्रांजलीच्या कमरेत येते. म्हाळसाबाईंनी तांब्या तिच्या हातात दिला आणि तो रिकामा होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. पाहुणे रागावून गेले. मला ना आनंद झाला, ना दुःख.

माझी काच पुसत जा, तळाचं मीठ खरवडत जा. पाच लिटर मी देत राहीन. पण ते कोणाच्या तोंडी जावं, हे तुम्हीच ठरवा, आणि जरा लवकर ठरवा.