असिमीनाच्या वाफ्यातला पालक

ईस्टरआधीचा मोठा उपास चालू होता. मांस-दूध बंद, एरवी तेलही नाही; पण आज शनिवार, म्हणजे तेल चालणारा दिवस. स्तमाताच्या मनात पालक-भात करायचं होतं, पण तिच्या परसातला पालक अळ्यांनी फस्त केलेला. म्हणून ती वरच्या आळीत, असिमीनाच्या बंद घरामागे गेली. असिमीना चाळीस वर्षांपूर्वी मेलबर्नला गेली ती गेलीच. मागे रान माजलेलं असणार, पण चार पानं तरी मिळतील, असं स्तमाताला वाटलं.

रान नव्हतंच. सरळ आखलेले वाफे, तजेलदार पालक. आणि पाऊस पडून महिना झाला तरी माती ओलीचिंब. तिच्या अंगावर काटा आला. तरी ओटीभर पालक तिने खुडलाच.

घरी कांदा परतून तिने पालक, तांदूळ, शेपू सगळं पातेल्यात घातलं. पाणी आटलं, तांदूळ कच्चा. पुन्हा पाणी, पुन्हा कच्चा. तिसऱ्यांदाही दाणा दाताखाली कचकन वाजला.

"सूनबाई, आज जेवायला मिळणार का ईस्टरलाच?" सासरे स्त्रातिस बाहेरून ओरडले.

"मामंजी, तांदूळ शिजतच नाहीये हो!"

"विस्तव पेटवलास ना?"

"पेटवलाय. पालक असिमीनाच्या वाफ्यातला आहे."

म्हातारा आत आला. चेहऱ्यावरची थट्टा पार मावळली होती. "तिथं गवताशिवाय काही उगवत नाही, पोरी. ज्याचं त्याला देऊन ये. मागे वळून बघू नकोस."

भर दुपारी स्तमाताने पातेलं असिमीनाच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि पाठ फिरवली. चार पावलांवर तिला मागे दार करकरल्याचं ऐकू आलं. मग पातेल्यात चमचा फिरल्याचं. तिने वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा पातेलं स्वच्छ घासून उंबऱ्यावर पालथं ठेवलेलं होतं. घरामागे वाफ्यांच्या जागी गुडघाभर वाळलं गवत.

मंगळवारी मेलबर्नहून असिमीनाच्या भाचीचा फोन आला. "मावशी रविवारी गेली. आठवडाभर अन्नाला शिवली नव्हती. शनिवारी एकदम म्हणाली, 'आपल्या दारात बसून पालक-भात खाल्ला, पोट भरलं.' आणि झोपली ती झोपलीच."

त्या संध्याकाळी स्तमाता चर्चमध्ये असिमीनाच्या नावाने मेणबत्ती लावायला गेली. सोबत स्त्रातिसही आले.

"घाबरलीस?" त्यांनी वाटेत विचारलं.

"घाबरले तर!" ती म्हणाली. "पण बाई उपाशी गेली नाही, मामंजी."